बटणांच्या मुठी

९ फेब्रुवारी

कटिंगमास्तर बाईसाहेबांना,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, सामानाची मागणीच ती. मोठी कात्री, टेप, निळा स्वेटर, बटणांचा डबा. 'कसा आहेस' एवढं लिहायला काय शाई संपली होती? मी बरा आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगतो.

कात्री, टेप आणि स्वेटर या पार्सलात आहेत. बटणांचा डबा मागाहून पाठवतो. तो आत्ता का नाही, ते विचारू नकोस. पार्सलात मावला नाही असं समज.

उशीर झाला त्याला कारण तुझा तिसरा खण, स्वेटर त्यातच होता. तू त्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला गेल्यावर दादाने विचारलं होतं, "अरे, दुकानातली दोन कपाटं तुझ्या खोलीत ठेवू का? खपेपर्यंतच." दादाने इतक्या हळू आवाजात विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? ती दोन खपली नाहीत आणि मागोमाग आणखी तीन आली. त्यातलं एक खिडकीला टेकून उभं आहे, त्यामुळे मी दिवसाही बल्ब लावतो. खाटेपर्यंत अंग तिरकं करून जावं लागतं. त्यातून शेजारचा नळ गळतो, आपल्या भिंतीला ओल आली आहे, आणि त्या ओलीने तुझं कपाट फुगलं. तिसरा खण असा बसला की हलेना.

आमच्या खणांना धरायला काही नसतं, हे तुला नव्याने सांगायला नको. बाबांची पद्धत. मूठ नाही, कडी नाही, फळीच्या खालच्या कडेला नुसती खाच. खालून चार बोटं घालायची आणि हलकेच पुढे घ्यायचं. बाबा गेल्यावर दादाने मला वाढवलं, काम शिकवलं आणि खाचही तशीच चालू ठेवली. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू म्हणाली होतीस, "तुमच्याकडे खणांनाही तोंड नाही." मी हसलो होतो. वहिनीही हसली होती. दादा हसला नव्हता.

तर, खाचेत बोटं घालून नखं सोलवटली, तरी खण ढिम्म. शेवटी वैतागून गिरमिट घेतलं, फळीच्या मधोमध भोक पाडलं आणि तुझं ते मोठं लाकडी रीळ, लाल दोऱ्याचं, दोऱ्यासकट तिथे स्क्रूने आवळलं. कपाटाला पाय लावून ओढलं. कुठेतरी बारीक कर्र असं झालं, तिकडे मी कानाडोळा केला, आणि खण उघडला.

रीळ परत काढणार होतो. पण मागे सरकून बघितलं (दोन पावलंच, जास्त जागा नाही), तर एवढ्या मोठ्या मातकट कपाटावर ते लाल बोंड इतकं उठून दिसत होतं की काढवेना. मग वाटलं, बाकीच्या खणांनी काय घोडं मारलंय? त्यांनाही काहीबाही लावलं. काय लावलं ते पुढे कधीतरी.

आता तू पत्राच्या शेवटी जे विचारलं आहेस त्याबद्दल. तुझ्या कारखान्याला सुतार हवा आहे, मालकीणबाई मेअखेरपर्यंत जागा राखून ठेवणार आहेत, हे सगळं माझ्या लक्षात आहे. तू लिहितेस, दादा सोडत नसेल तर तसं सरळ सांग. तर तसंच समज. दादाचा स्वभाव तुला माहीत आहे. तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. तो ओरडत नाही. मी उशिरा आलो तर ताट झाकून बसून राहतो, आणि मी आलो की म्हणतो, "चल, मलाही आत्ताच भूक लागली." अशा माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुणीतरी शिकवा.

तुझा,
घुम्या


२ मार्च

मास्तरीणबाई,

स्वेटर बसला का? तू बारीक झाली असशील असं वहिनीला वाटतं. मला काय वाटतं ते तू विचारत नाहीस.

इकडे एक गंमत झाली. शाळेतल्या एक बाई पुस्तकांसाठी कपाट बघायला आल्या. दुकानात त्यांना काही पसंत पडेना. "सगळी एकसारखीच आहेत हो," म्हणाल्या. वहिनीने त्यांना आपल्या खोलीत आणलं, कारण अर्धं दुकान आता आपल्या खोलीतच आहे. मी खाटेवर बसून जेवत होतो. बाई आत आल्या आणि तुझ्या कपाटापाशी थांबल्या.

"हे कुणी केलं?"

मी घास तोंडात धरून बसलो. वहिनी म्हणाली, "आमच्या भावजींनी. बोलत नाहीत, पण हात चालतो."

आता सांगायलाच हवं. तिसऱ्या खणाला रीळ. पहिल्या आणि दुसऱ्याला मी लेथवर लाकडाच्या चकत्या कातल्या, बशीएवढ्या, एकीला पिवळा ऑइलपेंट आणि एकीला गडद निळा, आणि त्यांच्यात बटणं बसवली. ओव्हरकोटाची मोठी मधोमध, भोवती शर्टाची बारीक. चौथ्याला तुझ्या जुन्या पट्ट्याचं बक्कल. पाचव्याला काय लावावं सुचेना, म्हणून शिंपल्याची बटणं मुठीच्या आकारात एकावर एक रचली. हात लावला की गार लागतात.

बटणांचा डबा पार्सलात का मावला नाही, ते तुला आता कळलं असेल. रागावू नकोस. सगळी नाही वापरलेली.

बाई म्हणाल्या, मला अगदी असंच हवं. मी दादाकडे बघितलं. बाबांच्या कपाटाला मूठ! मला वाटलं होतं, आता हा काही न बोलता दुकानात जाऊन रंधा मारत बसेल. दादा कपाटापाशी आला. रिळावरून अंगठा फिरवला. खण थोडा पुढे घेतला, आत हात घालून फळीची पाठ चाचपली, परत ढकलला. मग म्हणाला, "चांगलं झालंय. करून दे त्यांना."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी लेथवर आहे. खपत नव्हतं ते पहिलं कपाट खोलीतून गेलं. बाईंच्या शेजारणीने दुसरं मागितलं. आणि तुला खरं सांगू? मला मजा आली. तू तिकडे एकटी, मी इकडे असा कोंडल्यासारखा, आणि तरी पिवळ्यावर काळं बटण बसवताना मी गुणगुणत होतो. हे तुला लिहायलाही लाज वाटते.

विषय काढायला या गडबडीत सवड झाली नाही. काढतो.

तुझा,
घुम्या


२८ मार्च

मास्तरीणबाई,

दोन पानं भरून रागावलीस. बरं वाटलं. गेल्या वेळेपेक्षा दोन पानं जास्त.

होय, डबा रिकामा आहे. होय, सगळी बटणं गेली. होय, तुझ्या आईच्या कोटाचं हिरवं काचेचं बटणसुद्धा. मला माहीत नव्हतं ते आईंचं आहे. तू सांगितलं नव्हतंस आणि मी विचारलं नव्हतं, आपल्याकडे असंच चालतं. ते बटण आता दातांच्या दवाखान्यात आहे, फायलींच्या कपाटाच्या वरच्या खणावर, नारिंगी चकतीच्या मधोमध.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, दात?" मी म्हणालो, "नाही, मुठी नीट आहेत का बघायला आलो." मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, घट्ट असलेले सगळे स्क्रू पुन्हा घट्ट केले आणि परत आलो. हिरवं बटण माझ्या बोटाखाली होतं. तोंड उघडलं नाही. बाई म्हणाल्या, "किती काळजी घेता हो तुम्ही."

हसू नकोस. हसली असलीस तर हस.

आता दुकानाची गोष्ट. कामाने नाकी नऊ आले आहेत. पहिली काही कपाटं मी मनाला येईल तशी केली. आता लोक येतात ते ठरवून येतात. "शाळेच्या बाईंसारखं पिवळं-निळं." "दवाखान्यासारखं नारिंगी." मी नवीन काही दाखवलं तर म्हणतात, नको, तेच द्या. पिवळी चकती, काळं बटण, भोवती पांढरी. पिवळी चकती, काळं बटण, भोवती पांढरी. माझ्या नखांत पिवळा रंग बसलाय, तो घासूनही जात नाही.

दादा मात्र खूश दिसतो. रोज दुपारी दुकान बंद करायच्या वेळी मला म्हणतो, "जा, बाजारात बटणं बघून ये. सावकाश ये, घाई नाही." मी दोन-दोन तास ठोक बाजारात पोत्यांत हात घालून बसतो. इतके लाड त्याने मी लहान असतानाही केले नव्हते.

तू विचारलंस, दादाला विचारलंस का. नाही म्हणणार हे माहीत असताना विचारून त्याचं मन कशाला दुखवायचं? शिवाय आत्ता कामं अर्धवट आहेत. योग्य वेळ यायला हवी. तू म्हणशील हा नुसती चालढकल करतोय. तुला तिकडे बसून काय कळणार? तुझ्या खोलीला स्वतःचं दार आहे. मला इथे नुसतं रस्त्यावर जायचं तरी आधी दादाची खोली, मग स्वयंपाकघर, मग दुकान. तिन्ही ठिकाणी कुणीतरी मान वर करून विचारतं, "निघालास?"

तुझा,
घुम्या


१९ एप्रिल

मास्तरीणबाई,

तुझं पत्र एका ओळीचं. "यापुढे मी विचारणार नाही." खाली सहीसुद्धा नाही.

मी ते खिशात घालून फिरलो. मग ठरवलं, बास. रविवारी सकाळी बोलायचं. शनिवारी कपाटांपुढे उभं राहून तालीमसुद्धा केली. आपल्या खोलीत आता आठ आहेत, सगळी मुठी लावून तयार, नेण्यासाठी थांबलेली. त्यांना म्हणालो, "दादा, मला तिच्याकडे जायचंय." कपाटांनी ऐकून घेतलं. पिवळ्या-निळ्या मुठी माझ्याकडे बघत होत्या.

रविवारी उठलो तर घरात कुणी नाही. दुकानाबाहेर दादा, वहिनी आणि रंगारी उभे. दादाने मला हात धरून रस्त्यात नेलं, उलट्या बाजूला वळवलं आणि म्हणाला, "आता बघ."

नवी पाटी. बाबांचं नाव होतं तसंच वर, आणि खाली लाल अक्षरांत, "आणि बंधू". अक्षरांच्या दोन्ही बाजूंना मी करतो तशाच चकत्या, खऱ्याखुऱ्या बटणांच्या. त्या दादाने स्वतः केल्या होत्या. नीट गोल नव्हत्या, पण केल्या होत्या.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "छान आहे."

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग ती चहा टाकायला आत गेली. मी पाटीखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची शाबासकी घेतली. मग आत आलो, आठ कपाटांमधून तिरका होत खाटेवर पडलो आणि मला श्वास घेता येईना. अक्षरशः. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. मी गुदमरतोय इथे. हे मी आजवर तुला सोडून कुणाला सांगितलं नाही, आणि तुलाही आत्ता सांगतोय. ज्या मुठी मी तुझ्या आठवणीने करायला घेतल्या त्यांनीच मला इथे खिळवून ठेवलंय. एरवी एक न चालणारं दुकान होतं, कधीतरी सुटलो असतो. आता पाटीवर आहे. पाटीवरच्या माणसाने जायचं कसं?

दादाने माझ्यासाठी पाटी केली आणि मी त्याचा राग करतो. असा कसा मी?

एक चांगली गोष्ट. हिरवं बटण सोबत पाठवतोय. मी नाही आणलं. वहिनीला मी दवाखान्याची हकीकत सांगितली, तशी ती भाजी आणायला जाते त्या पिशवीसकट गेली आणि परत आली. "भावजी, मागितलं की देतात हो लोक," म्हणाली. त्यांना त्या जागी लाल चाललं.

तू विचारणार नाहीस, ठीक. मी लिहीत राहीन.

घुम्या


११ मे

मास्तरीणबाई,

उत्तर नाही, हे मला कळतंय. तरी हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज सकाळी एक निवृत्त कंडक्टर आले. गेल्याच आठवड्यात त्यांना पाच खणांचं कपाट दिलं होतं. त्यांच्या हातात कढई धरावी तशी पिवळी मूठ, आणि मुठीला लागून खणाची अख्खी पुढची फळी. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"मूठ ओढली, तर दर्शनी भागच हातात आला. आत माझे सदरे दिसतायत सगळ्यांना."

मी म्हणालो, "जोरात ओढलं असेल तुम्ही."

"मग मूठ कशाला दिलीत? नमस्कार करायला?"

मी फळी उलटी केली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, बाबांचा खण खाचेसाठी केलेला. खालून बोटं घालून हलकेच घ्यायचा, म्हणजे सगळा जोर तळाच्या फळीवर येतो. पुढची फळी नुसती शोभेची, पातळ, सरसाने चिकटवलेली. तिच्या मधोमध मूठ लावली की माणूस मूठ धरून हिसका देणारच, आणि फळी निघणारच. वीस वर्षं मी हेच खण करतोय. ते कसे धरले जातात ते मला माहीत होतं, आणि रंगांच्या नादात मी त्याचा विचारच केला नाही. तुझ्या तिसऱ्या खणाने पहिल्याच दिवशी कर्र करून सांगितलं होतं.

कंडक्टरना सरबत दिलं, संध्याकाळपर्यंत नीट करून देतो म्हणून पाठवलं. आणि मग मला घाम फुटला. इतकी कपाटं गेली आहेत. शाळेच्या बाईंचं गेलं त्याला तर किती दिवस झाले. मग एवढं एकच का निघालं?

दादा घरात नव्हता, वहिनी त्याला खांदा दाखवायला घेऊन गेली होती. गेल्या आठवड्यापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पडूनच असतो. मी वर्कशॉपमध्ये गेलो. पंधरवड्यापासून नेण्यासाठी तयार असलेल्या कपाटाचा खण ओढून आत हात घातला.

फळीच्या पाठीमागे एक पट्टी होती. सागाची, आडवी, दोन्ही बाजूंना स्क्रूने बाजूच्या फळ्यांत घट्ट बसवलेली. तिच्या कडा पॉलिशपेपरने घासून गोल केल्या होत्या, कपडा अडकू नये म्हणून. दुसऱ्या खणात तेच. तिसऱ्यात तेच. मी ती पट्टी लावलेली नाही. दुकानात मी सोडून एकच सुतार आहे.

मग मी आपल्या खोलीत गेलो आणि तुझ्या कपाटाचा तिसरा खण ओढला. तिथेही पट्टी.

दुपारी बटणं बघायला जा म्हणायचा, सावकाश ये म्हणायचा, ते यासाठी. मी बाजारात पोत्यांशी खेळत होतो तेव्हा हा माणूस कपाट आडवं करून, खणात हात कोपरापर्यंत घालून, वाकड्या मनगटाने स्क्रू आवळत होता. प्रत्येक खणाला. कंडक्टरचं कपाट गेलं तेव्हा तो खांदा धरून झोपला होता, म्हणून तेवढं राहिलं. आणि खांदा कशाने गेला, हे डॉक्टरांना शोधावं लागणार नाही.

ते आत्ता परत आले. दारात दादाचा आवाज येतोय. मी हे पाकीट बंद करत नाही, उद्या पुढे लिहितो.


१३ मे

उद्या नाही लिहिता आलं. आज लिहितो.

दादा कॉटवर बसला होता, खांद्याला गरम पाण्याची पिशवी. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"दादा, त्या पट्ट्या तू लावल्यास?"

"हं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?" तो पिशवी सरकवत म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा तू मला न विचारता काहीतरी केलं होतंस. फळी निघेल म्हणून त्यात मी खोडा घालू? म्हटलं, पट्टी लावली की काम भागतंय."

  वहिनी दारात आली, हातातला चमचा तसाच. "आता बोलताच आहात तर सगळंच बोला दोघं. मी आत ऐकत्येच."

आणि मी बोललो. तालीम केली होती तसं मुळीच नाही. म्हणालो, "मला जायचंय. तिच्याकडे. तिथे सुतार हवाय."

दादाने माझ्याकडे बघितलं. "कधीपासून हवाय?"

"ती गेली तेव्हापासून."

"मग गेला का नाहीस?"

"तू कसा सोडशील?"

"तू विचारलंस कधी?"

 त्याने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. मग इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "अरे, मी गेल्या वर्षीच दुकान मोडणार होतो. खांदा काय आजचा नाही. हिने माझ्यामागे धोशा लावला होता. तेवढ्यात तुझी बायको गेली आणि तू राहिलास. मला वाटलं, याला दुकान एवढं प्यारं आहे. ज्या दुकानासाठी तू बायकोला सोडलंस ते मी कोणत्या तोंडाने बंद करू? म्हटलं, चालवू कसंबसं. मग तू मुठी करायला लागलास. वाटलं, जीव रमलाय, आता तर थांबताच येत नाही. म्हणून पाटी केली."

"मी तिला सोडलेलं नाही," मी म्हणालो.

"मग काय, तिकडे ठेव म्हणून ठेवलीय?" वहिनी आतून म्हणाली.

दादाला हसू आलं, आणि हसताना खांदा दुखला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते कशाने ते मला माहीत नाही. मलाही आलं. मला माझं कशाने आलं ते माहीत आहे. तो माझ्यापायी अडकला होता आणि मी त्याच्यापायी, आणि एका घरात, एका ताटाशी बसून, आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतो. बरोबर राहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांचा असा जीव घ्यावा!

तो म्हणाला, "जा की मग." इतकंच. कंडक्टरच्या खणाला पट्टी लावून त्यांचं कपाट नीट करायचं, घेतलेली कामं मी पुरी करायची, आणि मग दुकानाला कुलूप. वहिनीने लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघायला घेतलं.

आता तुला जे सांगायचं आहे ते सांगतो. मला वाटलं होतं, दादा 'जा' म्हणाला की मी उड्या मारीन. एकही मारली नाही. खोलीत येऊन बसलो. सगळी दारं उघडी आणि माझे पाय जागचे हलेनात. तेव्हा कळलं की दादा मला धरून बसला नव्हता, मी दादाला धरून बसलो होतो. दादा सोडत नाही, असं मी तुला पत्रामागून पत्रांत लिहिलं. मी त्याला विचारलंच नव्हतं. तो 'हो' म्हणेल अशी मला भीती वाटत होती. इथे मी दादाचा भाऊ आहे, काही जमलं नाही तर मागे कुणीतरी पट्टी लावून ठेवतं. तिथे मी कोण? तिथे तू मला आडोशाशिवाय, सबबींशिवाय बघशील, आणि तुला आवडलो नाही तर दादाकडे बोट दाखवायची सोय नाही.

भीती अजून गेलेली नाही. मालकीणबाईंची जागा भरली असेल तर भरू दे. मी दुसरीकडे कुठेही रंधा मारीन, बाबांसारखी खाच करीन नाहीतर मुठी करीन, आणि मुठी केल्या तर पट्ट्या मीच लावीन. मला त्याचं काही वाटत नाही. मला एकाच गोष्टीचं वाटतं. मी इथे दादाच्या नावाखाली लपून राहिलो, आणि तिकडे तू माझ्याशिवाय घर लावलंस, कामाला जाऊ लागलीस, सुट्टीच्या दिवशी कुठेतरी जातही असशील. कुठे, ते मला माहीत नाही. त्या घरात माझ्यासाठी जागा ठेवली होतीस ती अजून आहे का, हे मी एकाही पत्रात विचारलं नाही. तू विचारायचीस आणि मी उत्तर चुकवायचो, असंच चाललं होतं. म्हणून तू थांबलीस. बरोबर केलंस.

आता मी विचारतो. वहिनी 'लिहा' म्हणाली म्हणून नाही आणि दादाने सोडलं म्हणून नाही. 'नाही' म्हणालीस तर ते मी वाचेन, आणि ते तुझंच उत्तर असेल, त्यात मी दुसऱ्या कुणाला ओढणार नाही.

येऊ का?